गाडी तापली

पुंजाजीची गाडी दोन तऱ्हांनी तापायची. पहिली तऱ्हा मंगरूळपीरच्या स्टँडवर साऱ्यांना ठाऊक होती. दुसरी फक्त त्याच्या बायकोला, लिलाबाईला.

पहिलीत लपवण्यासारखं काही नव्हतं. गाडी जुनी अँबेसिडर, पेट्रोलवर चालणारी. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ओढून आणायला एक छोटा पंप असतो आणि या गाडीत तो इंजिनाला चिकटूनच बसवलेला. वैशाखातलं वऱ्हाडाचं ऊन आणि त्यावर इंजिनाची धग, यांत पंप असा तापायचा की त्याच्यातल्या पेट्रोलची आतल्या आत वाफ व्हायची. पंप बिचारा ओढतच राहायचा, पण हाती येणार काय, नुसती वाफ. दोनचार आचके देऊन गाडी रस्त्याच्या कडेला उभी. तुटलेलं काही नाही, फुटलेलं काही नाही. बोनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं, वरून पाणी शिंपडायचं आणि झाडाखाली बसून वाट पाहायची. पंप निवला की गाडी पुन्हा सुरू.

हे ओलं फडकं ठेवायचं काम लिलाबाईचं. पुंजाजी आधी कारंज्याच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता. शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी याच्याकडे आली आणि हा सवाऱ्या नेऊ लागला. क्लीनर ठेवायची सोय नव्हती. म्हणून एका उन्हाळ्यात बायकोच पुढच्या सीटवर येऊन बसली. मांडीवर तान्हा विनोद, पायाशी पाण्याची पांढरी कॅन आणि हातात आपल्याच जुन्या लुगड्याचा फाडलेला तुकडा. स्टँडवरच्या लोकांना मोठी मौज वाटायची.

"काय पुंजाजीभाऊ, लेडीज क्लीनर ठेवली वाटते!"

"म्या कुठं ठेवली?" पुंजाजी म्हणायचा. "तिनंच मले ड्रायव्हर ठेवलं. कामावरून काढून नाही टाकलं अजून, नशीब समजा."

दुसरी तऱ्हा लिलाबाईला कळली ती एका लग्नाच्या दिवशी. जऊळक्याच्या स्टेशनावरून नवरदेवाकडचे पाहुणे आणायचे होते. पुंजाजी सकाळपासून गप्प होता. स्टेशन मागे पडल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, "गाडी तापली."

लिलाबाई कॅन घेऊन उतरली, बोनेट उघडलं, पंपाला हात लावला. पंप गार होता. फडकंसुद्धा अजून ओलंच. तिनं काचेतून नवऱ्याकडे पाहिलं. स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो समोर बघत बसला होता. चेहरा राखेसारखा झालेला, आणि अंगात ताप असा की जवळ गेलं तर धग लागावी.

"काय झालं वो बाई?" मागून एक पाहुणा ओरडला.

"तापली," ती म्हणाली. तिनं उगीचच पंपावर पाणी शिंपडलं. मग फडकं पिळलं, आणि आरसा पुसण्याचं निमित्त करून खिडकीतून त्याच्या मानेवर ठेवलं. पाहुणे झाडाखाली बसून गाडीला नावं ठेवत राहिले. ड्रायव्हरला कोणी काही म्हटलं नाही.

त्या काळी बौद्ध वस्तीतल्या माणसाच्या गाडीत बसताना काही सवाऱ्या आधी दहादा इकडेतिकडे पाहत. त्यात ड्रायव्हरच थकतो, ड्रायव्हरच आजारी पडतो असं झालं असतं, तर त्याच्या गाडीकडे कोणी फिरकलं नसतं. गाडी मात्र कोणाचीही तापते. म्हणून पुंजाजीनं 'मी थकलो' हे शब्द कधी तोंडातून काढलेच नाहीत. पुढं तशी गरज उरली नाही, पण जिभेला वळण पडलं ते पडलंच. घरी आल्यावर खाटेवर आडवा होतानाही तो म्हणायचा, "लिले, आज गाडी तापली वं." त्याचा धाकटा भाऊ गेला, त्याला पोचवून आल्यावर अंगणात उभा राहिला आणि एवढंच बोलला, "गाडी तापली." लिलाबाई तेव्हापासून हे शब्द ऐकले की आधी त्याच्या कपाळाला उलटा हात लावी, आणि मग पंपाला.

विनोद मांडीवरून मागच्या सीटवर गेला, शाळेत गेला, वीज मंडळात नोकरीला लागला. त्याला वाटे, बाबांची गाडी फार तापते.

गुर्दे, म्हणजे दोन्ही किडन्या, निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पुंजाजीचं गाडी चालवणं थांबलेलंच होतं. आता आठवड्यातून दोनदा वाशीमला जाऊन मशीनवर रक्त धुवून आणायचं. पाणी मोजून प्यायचं. दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत. म्हातारा एसटीत बसायला तयार नाही, दुसऱ्याच्या गाडीत त्याला ओकारी येई. तेव्हा अँबेसिडरच बाहेर निघाली. विनोद चालवी, मागं नवराबायको आणि पायाशी कॅन.

वाटेत एक निंबाचं झाड आहे, त्याच्याखाली हापशी. तिथपर्यंत आलं की पुंजाजी म्हणे, "विनोद, गाडी तापली." गाडीचा तापमानाचा काटा कधीचाच मेलेला होता आणि गाडी एरवीही तापत होतीच, त्यामुळे विनोद लगेच थांबे. तो बोनेटशी खटपट करी तोवर लिलाबाई फडकं हापशीवर भिजवून नवऱ्याच्या मानेवरून, ओठांवरून फिरवी. दोघं गाडीचं दार उघडं टाकून बसत. या हापशीवर कोणत्या लग्नाची वरात थांबली होती, कोणत्या नवरीनं इथं परत घरी जायचा हट्ट धरला होता, असं काहीबाही बोलत. मग पुंजाजीच म्हणे, "निवली वाटते. चाल."

पण एका दुपारी गाडी खरोखरच तापली, आणि हापशीच्या बरीच अलीकडे. फडकं ठेवलं, कॅन संपली, गाडी काही निघेना. रस्त्यावर सावली नाही. मशीनवरचा नंबर गेला. त्या रात्री पुंजाजीला श्वास घेता येईना आणि विनोद त्याला बसता धरून सकाळची वाट पाहत राहिला. सकाळी भाड्याच्या गाडीनं त्याला मशीनवर नेलं आणि दुसऱ्याच दिवशी हरिसिंगला बोलावलं.

हरिसिंग तांड्यातला. त्याचं गॅरेज दर्ग्याच्या रस्त्याला होतं आणि पुंजाजीच्या गाडीवर त्यानं कैक वर्षं हात चालवला होता. त्यानं गाडीला एक फेरी मारली, बोनेट थोपटलं.

"काका, हे लोखंड अजून बैलासारखं हाय. याले काही होत नाही. इंजिनच गेलं. पेते हत्तीसारखी अन् चालते मुंगीसारखी. अकोल्याले एका ठोकलेल्या नव्या गाडीचं इंजिन हाय. एवढुसं दिसते, पन ॲव्हरेज दुप्पट देईन. अन् तापाचं तं नावच नाही."

पुंजाजी खाटेवरून ऐकत होता. "हरिसिंग, माहे गुर्दे बी असेच ठोकलेल्या गाडीतून काढून आन ना रे."

"आनतो ना काका. पन मंग पुस्तकावर नंबर चढवा लागन. आरटीओवाले लय फिरवतेत."

सारे हसले. लिलाबाईही तोंडाला पदर लावून हसली. मग विनोद आणि हरिसिंग बाहेर गेले आणि खाटेजवळ दोघंच उरली.

"आता तापत नाही म्हनते गाडी," पुंजाजी म्हणाला.

"चांगलंच हाय की मंग."

"हो. चांगलंच हाय." तो छपराकडे पाहत राहिला. "पन मंग मी काय म्हनू?"

लिलाबाईनं त्याच्या उशाची चादर सारखी केली. मग सहज बोलावं तशी बोलली, "'थकलो' म्हना. काय कठीन हाय त्याच्यात?"

"हॅट्," तो म्हणाला. "आता या वयात नवा शब्द शिकू काय?"

इंजिन उतरवलं त्या दिवशी लिलाबाई मुद्दाम गॅरेजवर गेली. साखळीला टांगलेलं जुनं इंजिन हळूहळू वर आलं आणि गाडीचं नाक उचलल्यासारखं झालं, तिच्या अंगावरचं ओझं एकदम हलकं व्हावं तसं. इंजिन गोणपाटावर ठेवलं. पंप त्याला तसाच चिकटलेला होता, आणि पंपावर तिच्या लुगड्याचे निळे धागे वाळून बसले होते. तिनं ते नखानं काढले. नवं इंजिन बसवायला दिवस लागले; तोवर पुंजाजीला ओकाऱ्या काढत दुसऱ्याच्या गाडीतून वाशीमला जावं लागलं. इंजिनाचे पाय जुन्या चौकटीत बसेनात, म्हणून हरिसिंगनं नवे लोखंडी अँगल वेल्डिंग करून घेतले. सारं जागच्या जागी बसल्यावर लिलाबाईनं आत वाकून पाहिलं. डब्यासारखं काळं झाकण आणि वायरीच वायरी.

"पंप कुठी हाय रे?"

"तो आता मांगं टाकीत बुडेल हाय, काकू. पेट्रोलमंधीच राह्यते, त्याच्यानं तापत नाही. तुमचा हात पोचत नाही तिथंलोक."

"मंग फडकं?"

"फडक्यानं आता काच पुसा," हरिसिंग प्रेमानं म्हणाला.

पहिल्या दिवशी ती कॅन घेऊनच गाडीत बसली. गाडी अशी निघाली की सुरू झाली की नाही तेच कळेना. विनोदनं काटाही नवा बसवून घेतला होता. तो बोटानं काचेवर टिचकी मारून दाखवी. "पाह्यलं का बाबा, अर्ध्याच्या खालीच हाय. वर सरकाचं नाव नाही." त्याला इतका आनंद झाला होता की तो पोरासारखा दिसत होता. बापाला वेळेवर मशीनवर पोचवता येतंय, याहून त्याला दुसरं काही नको होतं. हापशी आली. निंबाची सावली काचेवरून सर्रकन गेली. पुंजाजीनं मान वळवून मागं पाहिलं आणि मग लिलाबाईच्या पायाशी असलेल्या भरलेल्या कॅनकडे.

"एकदा बी थांबा नाही लागलं!" वाशीमच्या अलीकडे विनोद म्हणाला.

"नाही लागलं," पुंजाजी म्हणाला.

मशीनवरून उतरल्यावर आता म्हाताऱ्याच्या अंगात त्राण उरत नसे. त्याला मागच्या सीटवर पाय पसरून टेकावं लागे, आणि मग लिलाबाईला जागा उरत नसे. पुढं बसलं तर ऊन थेट तिच्या अंगावर. दोनचार खेपा झाल्यावर सुनेनं विषय काढला. रूपा मनानं चांगली पोर, सासूच्या सुजलेल्या पायांकडे बघून म्हणाली, "आई, तुमी कायले दगदग करता? आता गाडीले पानी लागत नाही. तुमी घरी आराम करा."

गाडीले पानी लागत नाही, हे तर खरंच होतं. गाडी निघता निघता लिलाबाई विनोदच्या खिडकीशी गेली.

"विनोद, वाटंत तुहे बाबा कधी असं म्हनले का—"

"काय म्हनले?" मागून पुंजाजीचा आवाज आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नाही. लेकाला कळू द्यायचं नाही. "चाल रे, उशीर होते. हिचं संपतच नाही."

ती बाजूला झाली. उभा जन्म जे दोघांनी कोणाला सांगितलं नाही, ते असं खिडकीतून सांगायचं तिच्याही जिवावर आलं होतं.

त्यानंतर ती घरीच राही. पूर्वी गाडी वळणावर आली की तिची घरघर अंगणापर्यंत येई आणि लिलाबाई चहाचं आधण ठेवी. आता दाराशी येऊन उभी राहीतोवर पत्ता लागत नसे.

त्या दिवशीही तसंच झालं. मे महिन्याची दुपार कलली होती. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, मान वर केली तर गाडी उभी. विनोद उतरून दबक्या आवाजात म्हणाला, "झोपले बाबा. हळूच उतरवू."

लिलाबाईनं मागचं दार उघडलं. पुंजाजी खिडकीकडे मान टेकून बसला होता. तिनं सवयीनं त्याच्या कपाळाला उलटा हात लावला. कपाळ गार होतं. जऊळक्याच्या रस्त्यावर पंप लागला होता तसं.

"रूपा," तिनं हाक मारली, "फडकं आन माहं. भिजवून आन."

वस्तीतली माणसं आली, गेली. विहारातून भंते आले, त्रिशरण झालं. म्हाताऱ्याला पोचवून आले. सारं उरकल्यावर अंधार पडता पडता विनोद आईजवळ येऊन बसला आणि पहिल्यांदा बोलायला लागला.

"आई, वाटंत बोलत होते बाबा. चांगले बोलत होते. हापशीजवय आलो ना, तं म्हनले, विनोद, गाडी तापली. मी म्हनलं, नाही बाबा, काटा पाहा. मंग थोडं पुढं आल्यावर अजून म्हनले, गाडी तापली रे. मी हासलो, आई. मी म्हनलं, बाबा, हे जुनं इंजिन नोहे, हे तापतच नाही. मंग चूप झाले. मले वाटलं, समजलं त्याईले. आरशात पाह्यलं तं मान टेकेल होती. मले वाटलं, झोपले. काहून म्हनले असतीन ते असं? गाडी तं खरंच तापेल नोती."

लिलाबाई लेकाकडे पाहत राहिली. ज्यानं बापासाठी रात्र बसून काढली, ज्यानं गाडीचं काळीज बदललं, तो हा. एक वाक्य ती बोलली असती तर ते त्याला जन्मभर पुरलं असतं. दर उन्हाळ्यात, दर हापशीला.

"सवय होती त्याईले," ती म्हणाली. "उभा जलम जुन्याच गाडीत गेला. त्याईले जुनीच वाटली असन."

"मले बी तेच वाटलं," विनोद म्हणाला, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी आलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आभाळ अजून कोरडंच होतं. लिलाबाईला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून डोळे दाखवायला विनोद तिला घेऊन वाशीमला निघाला. ती पुढं बसली, आणि पायाशी पांढरी कॅन ठेवली. विनोदनं पाहिलं.

गाडी निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूला नांगरून ठेवलेली रानं, वर तापलेलं आभाळ. आत आवाज नाही, हादरा नाही. किती चांगली गाडी, असं लिलाबाईला वाटलं. निंबाचं झाड दिसू लागलं. तिथंच कुठंतरी त्यानं पहिल्यांदा म्हटलं असेल. आणि कोणी ऐकलं नाही म्हणून थोडं पुढे गेल्यावर पुन्हा.

गाडी तापली. शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. ते बाहेर पडले असते तर विनोदनं काट्याकडे पाहिलं असतं, मग तिच्याकडे, आणि मग त्याला सारं कळलं असतं. तिनं ते शब्द गिळले. दुसरे शोधायला तिला थोडा वेळ लागला.

"विनोद," ती म्हणाली, "मी थकली रे. थांबव."

गाडी तत्काळ कडेला आली. "काय होते आई? चक्कर येते का?"

"नाही. थकली नुसती."

"मंग पयलेच सांगायचं ना. सांगतलं का थांबतोच ना मी."

"हो," लिलाबाई म्हणाली. "तू थांबतंच."

ती उतरली. पाय सवयीनं गाडीच्या पुढच्या अंगाला गेले. तिनं मिटलेल्या बोनेटवर हात ठेवला. जेमतेम कोमट लागलं. मग कनवटीचं फडकं काढून हापशीवर भिजवलं, पिळलं, आपल्याच मानेवर ठेवलं आणि निंबाच्या बुडाशी बसली. विनोद उभा होता, एकदा तिच्या मानेवरच्या फडक्याकडे, एकदा गाडीकडे पाहत. मग त्यानं कॅन आणली, आतलं पाणी ओतून दिलं आणि हापशी मारू लागला. पाठ तिच्याकडे होती. कॅन भरली, भरून वाहू लागली, पाणी त्याच्या चपलांखालून रस्त्याकडे निघालं, तरी त्याचा हात थांबला नाही. आणि लिलाबाईही त्याला थांब म्हणाली नाही.